तुझा नि त्यांचा संबंध काय?

मुलांना विचारण्यासाठी वडीलधाऱ्यांनी काही प्रश्न पिढ्यान् पिढ्या राखून ठेवलेले आहेत. "अभ्यास झाला का?" हा त्यांतला पहिला. "हे कोणी सांगितलं तुला?" हा दुसरा. आणि तिसरा, जो बहुधा जेवणाच्या वेळी विचारला जातो, तो म्हणजे "तुझा नि त्यांचा संबंध काय?" पहिल्या दोन प्रश्नांना मुले काहीतरी उत्तर देतात. तिसऱ्याला उत्तर देत नाहीत. पान संपवून मुकाट्याने आतल्या खोलीत निघून जातात. एरवी या सदराला जी जागा मिळते तीत हा प्रश्न मावला नसता. दिवाळीनिमित्त संपादकांनी जरा ऐसपैस जागा दिली आहे. तेव्हा म्हटले, या खेपेस तोच हाती घ्यावा.

निमित्त खामगावचे आहे. आमचा एक भाचा तिथे अडतीचे दुकान चालवतो. कापूस, सोयाबीन, तूर, जे हंगामाला येईल ते. त्याची थोरली मुलगी, म्हणजे नात्याने माझी नात, इंग्लंडमधल्या 'कोल्डप्ले' या रॉक वाद्यवृंदाची परमभक्त. लंडनच्या एका कॉलेजात १९९६ साली भेटलेल्या तरुणांनी हा संच उभा केला आणि २००० साली त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. त्या वेळी या मुलीचा जन्मही झालेला नव्हता. पण त्या चौघांचा प्रत्येक कार्यक्रम कोणत्या शहरी झाला, किती गर्दी जमली, कोणत्या इंग्रजी वर्तमानपत्राने वाखाणला आणि कोणत्याने नाके मुरडली, हे सारे तिला मुखोद्गत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. ती इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीच्या यादीत पहिली आली, तेव्हा तिने मला फोन करून ती बातमी अशा सुरात सांगितली, की घरातलाच कोणी बोर्डात पहिला आला असावा.

मागून तिच्या वडिलांचा आवाज आला. "मामाजी, तुम्हीच सांगा इले. त्यायचा भाव चढला काय अन् उतरला काय, आपल्याले त्यात अडत किती भेटते? इचा नि त्यायचा संबंध काय?"

आता हा प्रश्न कोणीही विचारावा, पण खामगावच्या अडत्याने विचारावा, ही मोठी मौज आहे. कारण खामगावची भरभराटच मुळी दूरदेशच्या बातमीवर झाली. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी जुंपली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, आणि लँकेशायरच्या गिरण्या रुईसाठी आसुसल्या. त्याबरोबर वऱ्हाडच्या कापसाचा भाव असा वाढला, की शेतकऱ्याने इतर पिके मागे सारून कापूस पेरला. १८६५ साली ते युद्ध थांबले आणि तोच भाव खाली आला. पुढे १८७० साली जलंबहून खामगावला जाणारी छोटीशी रेल्वेशाखा सुरू झाली. तिचे आणि कापसाच्या बाजाराचे उद्‌घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. त्याच साली मुंबई आणि इंग्लंड यांच्यामध्ये समुद्राखालून तारही जोडली गेली. वऱ्हाडच्या कापसाला विलायतेच्या बाजारात अमरावतीच्या जुन्या नावावरून 'उमरा' म्हणत, आणि त्या मालाचा भाव जिथे बोलला जाई ते शहर होते लिव्हरपूल.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी खामगावच्या पेढीवर बसलेला माणूस लिव्हरपूलच्या तारेकडे डोळे लावून बसत असणार. लिव्हरपूल त्याने पाहिले नव्हते, पाहण्याची आशाही नव्हती. पण तिथे कोणाचे नाव वर चढले आणि कोणाचे पडले, हे कळल्याखेरीज त्याला घास गोड लागत नसे. त्याला कोणी संबंध विचारला नाही, कारण त्यात पैसा होता. पैसा आला, की संबंध आपोआप दिसू लागतो.

आणि गंमत पाहा. याच लिव्हरपूलहून पुढच्या शतकात जगभर जे दुसरे एक पीक गेले, ते 'बीटल्स' या चार पोरांच्या गाण्यांचे. त्यांतल्या पॉल मॅकार्टनीचे वडील लिव्हरपूलच्या एका कापूस-पेढीवर विक्रीचे काम करीत. ऑक्टोबर १९६२ मध्ये या चौघांची पहिली तबकडी निघाली, आणि ९ फेब्रुवारी १९६४ रोजी ते अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर गायले तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना पाहिले. सव्वा वर्षात एवढी मजल! हिंदुस्थानात हे कळायचे ते रेडिओ सिलोनच्या इंग्रजी कार्यक्रमांतून, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या चार ओळींतून, किंवा कोणाच्या तरी विलायतेहून आलेल्या चुलत्याकडून. मुंबई-कलकत्त्याच्या मुलांना निदान तबकड्यांची दुकाने होती. बुलढाण्याला आजही रेल्वे नाही. मुंबईचा अंक मलकापूरला उतरायचा, तिथून एस. टी.ने राजूर घाट चढून यायचा, आणि वाचनालयात कोणीतरी तो आधीच ताब्यात घेऊन बसलेला असायचा. तिथे पोचेपर्यंत बातमी शिळी झालेली असे. पण दूरच्या चाहत्याला शिळी बातमीही ताजीच लागते. भुकेचा तो गुण आहे.

आमच्या वऱ्हाडच्या घरांतून बीटल्सचे नाव फारसे कोणी घेत नसे, हे खरे. पण रोग तोच होता. फक्त औषध रेडिओ सिलोनचे हिंदी होते. ३ डिसेंबर १९५२ रोजी अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आकाशवाणीवर त्या वेळी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ बंदी होती. तेव्हा अख्खा देश बुधवारी रात्री आठ वाजता कोलंबोकडे कान लावून बसू लागला. कोणते गाणे कितव्या 'पायदान'वर आहे, मागच्या आठवड्यापेक्षा चढले की उतरले, यावरून सख्ख्या भावांत अबोला होई. गावोगावी श्रोता संघ निघाले. पोस्टकार्डांचे ढीग कोलंबोच्या वाटेला लागले. आज जे आजोबा नातीला संबंध विचारतात, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी आपल्या आवडत्या गाण्याचा नंबर वहीत लिहून ठेवलेला असेल. वही सापडली तर त्यांनी ती या दिवाळीला जरूर माळ्यावरून काढावी.

पण मूळ प्रश्न उरतोच. गाणे आवडले, ऐकले, सुख झाले; इथवर ठीक. ते गाणे कितवे आले, त्याविषयी कोणत्या पत्राने काय लिहिले, याची उठाठेव कशाला? गाण्याची गोडी काही नंबराने वाढत नाही.

मला याचे उत्तर त्या मुलीच्याच एका वाक्यात मिळाले. ती म्हणाली, "आजोबा, आमच्या कॉलेजात मी सोडून यांना कोणी ऐकत नाही." एवढेच. तिला त्यात तक्रारही करायची नव्हती. परंतु त्या वाक्याने मला सगळे समजले. मुंबई-पुण्याच्या मुलीला शेजारच्या बाकावर सोबती मिळतो. लहान गावात ज्याची आवड वेगळी, तो एकटा पडतो. सगळे हसतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणी लक्षच देत नाही. मग दूरदेशी एखाद्या मोठ्या वर्तमानपत्राने त्या गायकांविषयी अर्धे पान लिहिले, की या मुलीला वाटते, आपल्या बाजूने साक्षीदार उभा राहिला. ती बातमी त्या चौघांची खरी. पण ती वाचते आपल्या स्वतःच्या पसंतीचा निकाल. 'मला जे चांगले वाटले ते खरोखरच चांगले आहे' हे कोणीतरी छापून सांगितलेले असते. वयाच्या सतराव्या वर्षी माणसाला याहून मोठा आधार क्वचितच मिळतो.

मोठ्या माणसांनाही तो लागतो. १९७१ साली सुनील गावसकरने वेस्ट इंडीजमध्ये चार कसोट्यांत ७७४ धावा काढल्या, आणि १९७४ साली लताबाई लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या, तेव्हा परदेशी लोकांनी त्यांना काय म्हटले हे आपण किती चवीने वाचले! घरचे माणूस चांगले आहे हे आपल्याला ठाऊकच होते. परंतु परक्याने तसे म्हटल्यावर छाती दोन बोटे जास्त फुगली. तिथे 'आपला माणूस' हा संबंध होता, असे कोणी म्हणेल. मान्य. पण त्या मुलीलाही ते चौघे आपलेच वाटतात. तिने त्यांना निवडले आहे, एवढाच फरक.

आता दुसरी बाजू. दूरच्या माणसाशी आपली गाठ फक्त छापील शब्दाने पडते, आणि छापील शब्द नेहमीच सरळ असतो असे नाही. मार्च १९६६ मध्ये लंडनच्या एका सायंदैनिकात बीटल्सपैकी जॉन लेननची एक मुलाखत आली. बोलण्याच्या ओघात तो असे म्हणून गेला होता, की आज आम्ही ख्रिस्ताहूनही लोकप्रिय झालो आहो. लंडनमध्ये त्याची कोणी विशेष दखल घेतली नाही. पाच महिन्यांनी तेवढाच मजकूर उचलून अमेरिकेतल्या एका तरुणांच्या मासिकाने ठळकपणे छापला. आणि मग दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. काल ज्यांनी तबकडीसाठी रांगा लावल्या, त्यांपैकीच काहींनी आज काडी लावली. ११ ऑगस्टला शिकागोत लेननला वार्ताहरांपुढे बसून खुलासा करावा लागला. वाक्य तेच होते. जागा बदलली, मथळा बदलला, आणि अर्थ बदलला. जी मुलगी आपल्या आवडत्या गायकांच्या बातम्या गोळा करते, तिला हे शहाणपण फुकट मिळते. तीच बातमी चार पत्रांत वाचली, की कोणी पाहून लिहिले, कोणी ऐकून लिहिले आणि कोणी दुसऱ्याचे उचलले, हे ओळखता येऊ लागते. हे शिक्षण आमच्या शाळांतून मिळत नाही.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. किंकाळ्यांच्या गदारोळात आपले गाणे आपल्यालाच ऐकू येत नाही, या स्थितीला ते कंटाळले होते. आणि दोनच आठवड्यांनी, सप्टेंबर १९६६ मध्ये, त्यांच्यातला जॉर्ज हॅरिसन पत्नीसह मुंबईत उतरला. गाण्यासाठी नव्हे, पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी. ताजमहाल हॉटेलात त्याने 'सॅम वेल्स' असे खोटे नाव लिहिले. केस कापले होते, मिशा राखल्या होत्या. काही उपयोग झाला नाही. हॉटेलच्या लिफ्टवरच्या पोराने ओळखले, आणि पाहता पाहता खाली मुलामुलींची गर्दी लोटली. त्यांत शाळकरी मुलीच अधिक. रविशंकर थक्क झाले. लंडन-न्यूयॉर्कला असे होते हे त्यांनी पाहिले होते, पण हिंदुस्थानात? शेवटी वार्ताहरांना बोलावून सांगावे लागले, की हा इथे बीटल म्हणून नव्हे, शिष्य म्हणून आला आहे; कृपा करून त्याला शिकू द्या. तरीही गुरुशिष्यांना मुंबई सोडून काश्मीर गाठावे लागले.

त्या मुलींना मी दोष देत नाही. ज्याचे नाव केवळ रेडिओवर ऐकले तो माणूस आपल्या गावात, दोन मजले वर बसला आहे, हे कळल्यावर घरी कोण थांबेल? पण प्रेमाने एखाद्याला शिकणेसुद्धा अशक्य करावे, हा त्या प्रेमाचा पराभव आहे. चाहत्याने स्वतःपुरती एक रेघ आखून घ्यावी, ती इथे.

आणि त्या हॉटेलात लपून बसलेला माणूस तरी कोण होता? तोही एक दूरचा चाहताच! लंडनमध्ये बसून त्याने आमच्या सतारीच्या तबकड्या ऐकल्या. १९६५ साली बीटल्सच्या एका गाण्यात त्याने सतार वाजवून पाहिली. त्याला कोणी विचारले नसेल का, 'लिव्हरपूलच्या बस-ड्रायव्हरच्या पोरा, तुझा नि सतारीचा संबंध काय?' पण तो तबकडीवर थांबला नाही. गुरू केला, मांडी मोडून बसला, बोटे सोलून घेतली. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईस आला आणि फोर्टमधल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्याने आमच्या वादकांकडून संगीत ध्वनिमुद्रित करून घेतले. त्या वादकांत तरुण हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा होते. पुढे १९७१ साली पूर्व बंगालच्या निर्वासितांचे लोंढे आपल्याकडे आले. रविशंकरांनी आपल्या या शिष्याला शब्द टाकला, आणि १ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या दोघांनी निर्वासितांच्या मदतीसाठी दोन मोठे कार्यक्रम घडवून आणले. तिकिटांचेच सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीला गेले. एका माणसाने दूरदेशीचे एक वाद्य आवडून घेतले. त्याचा संबंध सहा वर्षांत कुठवर जाऊन पोचला पाहा!

आता पुन्हा खामगाव. २२ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्डप्लेच्या नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू झाली. लाख-दीड लाख तिकिटांसाठी १ कोटी ३० लाख लोक संगणकावर आणि मोबाइलवर रांगेत उभे राहिल्याचे विक्रेत्या कंपनीने सांगितले. आमची नातही त्यांत होती. तिने दोन वर्षांचे ओवाळणीचे पैसे साठवले होते. रांगेतला आपला नंबर काही लाखांत आहे हे पाहून ती दुपारपर्यंत तशीच बसली, आणि मग तिकिटे संपली. त्याच संध्याकाळी अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची ती तिकिटे दुसरीकडे लाखांच्या भावात विकायला आली. पोलिसांपर्यंत प्रकरण गेले. मुलगी वडिलांना म्हणाली, "बाबा, उरलेले तुम्ही घाला, मी नोकरी लागल्यावर फेडीन."

भाच्याने नकार दिला, आणि त्याने तो बरोबर दिला. त्या दिवशी तो मला प्रथमच खऱ्या अर्थाने व्यापारी वाटला. तो म्हणाला, "गाणं म्हणणाऱ्याले पैसा जात असता तर इचार केला असता. हा पैसा साठेबाजाले जाते. मी बाजारात जे स्वतः करत नाही, ते पोरीच्या हातून कसं करू देऊ?" मुलगी दोन दिवस जेवताना बोलली नाही. पण त्याने या खेपेस 'संबंध काय' असे विचारले नव्हते. तिकिटाला नाही म्हटले होते. तिच्या आवडीला नव्हे. मुलांना हा फरक कळतो. आपल्याला वाटतो त्यापेक्षा लवकर कळतो.

नवी मुंबईचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये झाले, आणि २६ जानेवारीला अहमदाबादचा कार्यक्रम घरोघर दिसण्याची सोय झाली. खामगावच्या घरी तो चार माणसांनी पाहिला. आजी मधेच झोपली. भाचा शेवटपर्यंत बसला. गाणे त्याला कळले असे नव्हे. पण एवढा जमाव एका सुरात गातो आणि चेंगराचेंगरी होत नाही, याचे त्याला अप्रूप वाटले. मध्यंतरी त्याने मुलीला विचारले, "हे गाणं कोणत्या साली आलं?" तिने साल सांगितले, कोणत्या यादीत कितवे होते तेही सांगितले, आणि पुढे अर्धा तास सांगतच राहिली. त्याने पूर्ण ऐकून घेतले.

मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर मुलांकडून मागण्यात अर्थ नाही. संबंध हा आधी असत नाही; तो आवडीने जोडावा लागतो, आणि जोडल्यावर काही वर्षांनी दिसू लागतो. त्या मुलीचे पुढे काय होईल ते आज कोणी सांगू नये. कदाचित दोन वर्षांत हे वेड ओसरेल. कदाचित त्या निमित्ताने वाचलेल्या इंग्रजीवर ती वार्ताहर होईल, किंवा गिटार घेऊन बसेल आणि शेजाऱ्यांना त्रास देईल. आपल्याकडून एवढेच व्हावे, की तिच्या एकटेपणात आपण आपल्या हसण्याची भर घालू नये. पैशाचा हिशेब विचारावा, अभ्यासाचा विचारावा, रात्रीच्या जागरणाचा तर अवश्य विचारावा. हल्ली आवडत्या गाण्याचा नंबर वर नेण्यासाठी मुले तेच गाणे रात्रभर वाजते ठेवतात आणि दुसऱ्यांच्या चाहत्यांशी हमरीतुमरीवर येतात, असे ऐकतो. तेव्हा कान जरूर धरावा. मात्र आवडीचा हिशेब विचारू नये.

फराळाला मंडळी जमली आणि घरातल्या एखाद्या मुलीने कोण्या परदेशी गायकाचे नाव घेतले, तर यंदा एक करून पाहा. ओठांवर आलेला तो जुना प्रश्न करंजीच्या घासाबरोबर गिळून टाका, आणि त्याऐवजी म्हणा, "कोणतं गाणं? लाव पाहू." गाणे आवडेलच असे नाही. नाही आवडले तर तसे सांगा. मुले त्याने रागावत नाहीत. तीन-चार मिनिटांचाच मामला असतो, आणि चिवड्याची बशी तोवर आपल्याच हातात असते.

सर्व वाचकांना दिवाळी सुखाची जावो. पुढच्या आठवड्यात नेहमीच्या जागी, नेहमीच्या बेताने भेटूच.